माडीवरचं माहेर

३ ऑगस्ट

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी जयसिंगराव सकाळी सकाळीच येऊन टपकले. वर्गणी मागणार म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून ठेवलं होतं, पण निघालं वेगळंच. यंदा मंडळ पाच-सहा ज्येष्ठांचं सहस्रचंद्रदर्शन एकत्र करणार आहे.

"एक्याऐंशी पुरी झालेलं कोण आहे का बघा की अक्का, तुमच्या माहितीत," म्हणाले.

मी क्षणाचाही विचार न करता नाव दिलं. वासुदेवअण्णा, आमच्या माडीवरचे.

अण्णा भाडेकरू म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. भाडेकरू हा शब्द लिहितानाही ओशाळल्यासारखं होतं. ते आले त्याच वर्षी आई गेली आणि नंदकिशोरने, माझ्या सख्ख्या भावाने, धारवाडचं घर मला न विचारता विकून टाकलं. वर माझा फोन उचलणंही बंद केलं. त्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात डोळे पुसत चकल्या पाडत होते. अण्णा खाली आले आणि ओट्यावर एक इरकल साडी ठेवली. पदराच्या टोकाला गाठ होती, गाठीत गुळाचा खडा आणि एक सुपारी. "लेकीनं रिकाम्या पदरानं राहू नये," एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. तेव्हापासून दर दिवाळीला साडी आणि गाठ. इतर बायका वैतागल्या की माहेरी जातात, मी जिना चढते.

माझ्या पुरणपोळ्यांच्या धंद्यातही अर्धा हात त्यांचाच आहे. ईरा, माझी मुलगी, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या आणि सर्जापूर रोडच्या पुण्या-मुंबईच्या पोरी ऑर्डरी देतात, आणि अण्णा डाळ निवडतात, गूळ चिरतात, पुरणाला चटका कमी पडला तर लांबून वासावरून सांगतात.

वय विचारलं तर "झालं की बरंच" म्हणतात. माझा नवरा जितेंद्र म्हणतो, ते आले तेव्हाही ऐंशीचेच दिसत होते. असतात काही माणसं अशी, लवकर म्हातारी होतात आणि मग तिथेच थांबतात. वाढदिवस सांगत नाहीत, औक्षण करू देत नाहीत, फोटो काढायला गेलं की पंचा तोंडावर घेतात. रोज संध्याकाळी चौथ्या ब्लॉकातल्या एकाच बाकावर जाऊन बसतात. समोर बघण्यासारखं काय, तर कुणाचं तरी घर आणि दारातला शेवगा. लाजाळू स्वभाव, दुसरं काय! अशा माणसाचं कौतुक हात धुऊन मागे लागूनच करावं लागतं.

९ ऑगस्ट

अण्णांना सांगितलं आणि नको ते झालं.

"कुणाला विचारून नाव दिलंस?" ते गूळ चिरत होते, विळी बाजूला सारली.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता का?"

"म्हणून विचारलं नाहीस." मग हसले. "एक्याऐंशी दिवे लावून मला औक्ष मागणार तुम्ही. मला!"

ते हसू मला आवडलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हेमा, मंडळात नको. दुसरं काहीही माग. मला तिथं नेऊ नकोस."

मंडळानं यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे. दुपारी जेवायलाही खाली आले नाहीत. मलाही राग आला. मी काय वाईटावर आहे यांच्या? माझे वडील एक्याऐंशीपर्यंत पोचले नाहीत. ते दिवे मला कुणासाठी तरी लावायचे होते.

जितेंद्र म्हणाला, "नको म्हणतायत तर सोड ना." सोडते कसली! वाढायला माणसं कमी आहेत असं सांगून हॉलवर घेऊन जाईन. मदतीला ते कधी नाही म्हणत नाहीत. गोड माणसाला गोडीनं फसवलं तर पाप लागत नाही.

१७ ऑगस्ट

आज सत्कार झाला.

ठरल्याप्रमाणे अण्णा वाढायला म्हणून आले. दारातच जयसिंगरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि चार जणांनी धरून स्टेजवर नेऊन बसवलं. अण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते.

तबकात एक्याऐंशी दिवे. गुरुजींचं "शतायुषी भव" चाललेलं. मी अंगठी आणि सुपारीनं त्यांना ओवाळलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते, डॉक्टर सुई टोचताना मिटतात तसे. मला वाटलं, गहिवरून आलं असेल.

शेजारच्या खुर्चीत अंबुजाक्का. ब्याण्णव वर्षांच्या आहेत, यंदाच्या सत्कारातल्या सगळ्यांत मोठ्या. मंडळातल्या जुन्या, पण हल्ली घराबाहेर पडत नाहीत. मुलगा पुरुषोत्तम चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला होता. दिव्यांच्या उजेडात त्यांनी मान वळवली, अण्णांना पाहिलं आणि पाहतच राहिल्या. मग हात लांब करून त्यांच्या गालाला लावला.

"तात्या," म्हणाल्या. "आलात होय?"

लहान मुलीनं म्हणावं तसं म्हणाल्या. बोळक्या तोंडाच्या ब्याण्णव वर्षांच्या बाईनं ऐंशीच्या माणसाला तात्या म्हणावं! लोक हसले.

अण्णांनी तो हात अलगद धरून त्यांच्या मांडीवर परत ठेवला. "बाई, मी नव्हे तो. तुम्हाला दुसरं कुणी वाटतंय."

अंबुजाक्कांचं तोंड उघडंच राहिलं. मग इकडेतिकडे बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हो, हो. डोळेच गेलेत मेले." सगळे पुन्हा हसले. पण खाली त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. पदराच्या टोकाला गाठ होती. ती त्यांनी सोडली, परत बांधली, परत सोडली. आत गुळाचा खडा होता आणि एक सुपारी.

माझ्या हातातलं तबक कुणीतरी काढून घेतलं म्हणून बरं.

१८ ऑगस्ट

सकाळी ईराच्या पोरींची ऑर्डर तशीच टाकून जिना चढले. म्हटलं, "ती गाठ फक्त माझी आहे असं मला वाटत होतं."

अण्णांनी गूळ चिरणं थांबवलं. मग "दार लोटून घे" म्हणाले आणि सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे मला वेड लागलेलं नाही हे उद्या वाचून तरी पटेल.

"होसकोट्याच्या पलीकडे आमचं गाव होतं. मी तिथला कुलकर्णी. फौज आली. कुणाची ते विचारू नकोस, भूक सगळ्याच फौजांना सारखीच लागते. गावात एक विधवा होती, मला बापासारखं मानायची. तिनं दाणे जमिनीखालच्या पेवात लपवले आणि पेवात तिची दोन पोरंही. जागा फक्त मला सांगितली, गळ्याची शपथ घालून. शिपायांनी माझ्या मानेवर तलवार ठेवली. हेमा, मी ऐंशीचा होतो. किती दिवस उरले होते माझे? तेवढ्यासाठी बोललो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, 'एवढी जगायची हौस आहे ना तुला? जग.' तेव्हापासून जगतोय."

मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. साधा म्हाताऱ्याचा हात, बोटांना गूळ. मला खोटं वाटावं असं फार वाटत होतं, पण वाटलं नाही.

"आणखी काही म्हणाली का ती?"

"म्हणाली. ते मला सांगता येत नाही."

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कुणाला बोलायचं नाही. जितेंद्रला नाही, ईराला नाही. मी म्हटलं, मी रोजची वही लिहिते, तिचं काय? तर म्हणाले, "वहीला तोंड नसतं. तू जिवंत आहेस तोवर कुणाला वाचू देऊ नकोस म्हणजे झालं." म्हणून आता वही तांदळाच्या डब्यात.

"आणि अंबुजेकडे जाऊ नकोस," जिन्यापर्यंत येऊन म्हणाले. "तिला काही विचारू नकोस. बाकी सगळं विसरलीस तरी एवढं लक्षात ठेव."

का, ते सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट

या आठवड्यात दोनदा पुरण लागलं. माझं, जिच्या पुरणाची सर्जापूर रोडपर्यंत ख्याती आहे तिचं!

आज न राहवून विचारलं, "अण्णा, माझ्यासारख्या अशा किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"सगळ्यांना साडी?"

"ज्यांना माहेर नव्हतं त्यांना."

खोटं तरी बोलायचं होतं! 'तुझ्यासारखी तूच' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? नंदकिशोरनं निदान एकदाच फसवलं. हे अकरा वर्षं गोड गोड फसवत आले. मी त्यांची पथ्यं सांभाळली, न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात पायाशी बसून राहिले, नवस बोलले. नवस! न मरणाऱ्या माणसासाठी! कसे मनातल्या मनात हसले असतील.

"मलाही एक दिवस म्हणाल ना, 'बाई, मी नव्हे तो'?"

डाळ निवडत राहिले. म्हणजे म्हणतील.

त्या अंबुजाक्कांचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. जन्मभर गाठ बांधली बिचारीनं, आणि यांनी चार लोकांत हात झटकला.

२ सप्टेंबर

आज गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपलं. काल गौरीच्या जेवणाच्या पोळ्या जास्तीच्या केल्या होत्या, त्यातल्या सहा डब्यात घालून मी अंबुजाक्कांकडे गेले. हळदीकुंकवाचं निमित्त. शब्द मोडायला गेले नव्हते. कुणाला काही सांगायचं नाही असा शब्द होता, आणि मी सांगणार नव्हतेच. त्या बाईला एकटं वाटू नये, एवढंच मनात होतं. आणि खरं लिहायचं तर, दुसरीही माझ्यासारखीच फसली का, ते बघायचं होतं.

दारात शेवगा. समोर रस्त्यापलीकडे तो बाक. हा माणूस अकरा वर्षं रोज संध्याकाळी इथे येऊन बसतो आणि आत येऊन एकदा विचारपूस करत नाही! एवढा निर्दयपणा येतो कुठून?

पुरुषोत्तम बाहेर गेला होता. अंबुजाक्का खिडकीशी बसल्या होत्या. मी पोळी कुस्करून, तूप-दूध घालून दिली. दोन घास खाल्ल्यावर विचारलं, "परवा हॉलमध्ये ते आमचे अण्णा... तुम्ही ओळखलंत ना त्यांना?"

"कोण अण्णा?"

"ज्यांना तात्या म्हणालात ते."

"वय झालं गं माझं. काहीही बोलते. पोळी छान झालीये, जायफळ स्वल्प कमी घाल पुढच्या वेळी."

पक्की बाई. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या वाटांनी विचारलं, दर वेळी विषय पोळीवर. शेवटी मलाच रडू आलं. मी माझा पदर त्यांच्या मांडीवर ठेवला, गाठ सोडून दाखवली. त्यांनी गुळाचा खडा बोटांनी चाचपला, सुपारी चाचपली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुलाही बाप नव्हता होय," म्हणाल्या. आणि मग बांध फुटावा तशा बोलल्या. "हो गं. तोच तो. चिकपेठेत आमच्या मागच्या खोलीत राहायचा. बाप मेल्यावर आईनं शिवण शिवून आम्हाला वाढवलं, पण सणाला साडी तात्याची. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला सगळं सांगितलं आणि वचन घेतलं. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर खोली रिकामी. निरोप नाही, काही नाही."

"राग नाही आला?"

"आला की! अजून आहे. पण राग वेगळा, शब्द वेगळा. नवऱ्याला बोलले नाही, पोरांना बोलले नाही. बाळंतपणात ताप डोक्यात गेला होता, तेव्हासुद्धा तोंडात पदर कोंबून पडले होते, न जाणो बरळले तर. आज पहिल्यांदा बोलतेय. तुझ्यापाशी." डोळे पुसून हसल्या. "किती हलकं वाटतंय बघ."

येताना त्यांनी माझा हात सोडला नाही. मी घरी आले ती उड्या मारतच. अण्णांना जे कधी सुचलं नाही ते मी केलं. पुण्याचं काम झालं आज माझ्या हातून.

१० सप्टेंबर

अंबुजाक्का आजारी असल्याचं जयसिंगराव सांगून गेले. अंथरूण धरलंय, अन्न सोडलंय. पितृपक्षात असं काही कानावर आलं की नको वाटतं. अण्णांना सांगितलं तर ते निवडत असलेली डाळ तशीच टाकून बाकावर गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. आत जातील तर शपथ!

१४ सप्टेंबर

अंबुजाक्का सकाळी गेल्या.

आणि आमचे अण्णा? खुशीत! दुसरा शब्द नाही. न्हाऊन, ठेवणीतलं धोतर नेसून खाली आले. चेहरा असा की लग्नाला निघालेत. मी रडत होते, तर माझी टिपं पंच्यानं पुसली आणि म्हणाले, "आज पोळ्या कर गं. तुझ्या हातच्या."

"सुतकी दिवशी पोळ्या?"

"तू कर."

केल्या. तीन खाल्ल्या, वर दूध. दुपारभर माडी आवरत होते. चांगला पितळी डबा जितेंद्रला दिला, रेडिओ समोरच्या वॉचमनला. जितेंद्रच्या दोन्ही हातांत हात घालून म्हणाले, "तुम्ही लोक फार चांगले आहात." जितेंद्र बिचारा गोंधळून "थँक्यू" म्हणाला.

जिना चढताना मला हाक मारली. "हेमा, उद्या सकाळचा चहा तू आणू नकोस. जितेंद्रला पाठव."

"का? माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही, बाळ." माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हे आणि नवीनच. ज्या लेकीला आयुष्यभर झुरवलं ती मेली तर हा माणूस पोळ्या खातो, आणि मी चहा आणायची नाही! मला तर आता त्यांचं तोंड बघायचीही इच्छा नाही. चहा जितेंद्रच नेईल.

१५ सप्टेंबर

जितेंद्र चहा घेऊन गेला आणि दोन मिनिटांत खाली आला. "अण्णांना बरं नाही बहुतेक. पलंगावर हात जोडून बसलेत. मला बघून म्हणाले, 'म्हणजे मी आहे अजून?'"

मी गेले. त्याच धोतरात होते, चुरगळलंही नव्हतं. उशाशी गंगेची लोटी आणि तुळशीचं पान. कालचा चेहरा पार उतरला होता.

"तू तिच्याकडे गेली होतीस?"

रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते. मी हो म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं काहीच नाही. विचारलं फक्त."

"आणि ती बोलली."

"किती हलकं वाटतंय म्हणाल्या."

अण्णांनी तुळशीचं पान उचललं, बोटांत फिरवलं, परत ठेवलं. मग ती उरलेली अर्धी गोष्ट सांगितली, जी त्या दिवशी सांगता येत नव्हती. त्या विधवेनं पाठ फिरवता फिरवता म्हटलं होतं, 'तुझं हे गुपित ज्या दिवशी कुणी मरेपर्यंत पोटात ठेवील, त्या दिवशी सुटशील.' सुटायचं कसं हे शब्द घेण्याआधी त्या माणसाला सांगायचं नाही, आणि सुटण्यासाठी गप्प राहा असं कधीच मागायचं नाही, मागितलं की ते फुकट.

"इतक्या जणांना सांगितलं, हेमा. चांगली माणसं होती सगळी. कुणी नवऱ्याला बोललं, कुणी देवासमोर गुरुजीला. अंबुजेनं मात्र ठेवलं. जवळ राहिलो तर चुकून बोलेल म्हणून मी गेलो. ओळख दाखवली तर बोलेल म्हणून त्या दिवशी हॉलवर हात काढून घेतला. काय वाटलं असेल मला, तुला नाही कळायचं. पोरीनं जन्मभर ठेवलं होतं गं. अगदी दारापर्यंत आली होती."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती ही. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दुःख झालं की मला आधी रागच येतो.

"मला एवढंच सांगा. तुम्ही आमच्याकडे राहायला आलात ते कशासाठी?"

"चौथा ब्लॉक जवळ होता म्हणून."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही आमच्या माडीवर बसून तिच्या मरणाची वाट बघत होता. मी ज्याला माहेर समजत होते तो तुमचा बसस्टॉप होता."

"हो," म्हणाले. मग म्हणाले, "तू ठरवलेली नव्हतीस, हेमा. तू झालीस."

मी दार आपटून खाली आले. त्यांनी काय गमावलं ते कळतंय मला, दगड नाही मी. पण माझं काय गेलं, ते त्यांनी विचारलं का? एका शब्दानं म्हणाले असते, 'तिला काही दिवस राहू दे शांत, माझं भलं आहे त्यात', तर मी गेले असते का? माझ्यावर विश्वास ठेवला असता तर हे झालंच नसतं. ठेवता येत नव्हता म्हणे. माझं नशीबच असलं. माझी माणसं माझ्यापासून घरं लपवतात, मरणं लपवतात.

१७ सप्टेंबर

माडी रिकामी आहे.

सकाळी चहा घेऊन गेले, दोन दिवस न बोलता राहिल्यावर. दार उघडं, पलंगावरची चादर घडी घातलेली. निरोप नाही. अंबुजाक्का म्हणाल्या तसंच.

चादरीवर साडी होती. निळी इरकल, लाल काठ. दिवाळीला महिना आहे अजून. पदराला गाठ. मी सोडली नाही. साडी उचलून कपाटात अगदी तळाशी कोंबली. माणूस जाताना काय साडी देतो? एवढं सगळं झाल्यावर? मला टोचायलाच ठेवली असणार. नाहीतर अगोदर देण्याचं कारणच काय?

जितेंद्रला सांगितलं, अण्णांचा पुतण्या आला होता, घेऊन गेला. "न सांगता?" "घाई होती." तो माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी त्याच्याशी पहिल्यांदा असं सपशेल खोटं बोलले, आणि ते किती सोपं गेलं याचंच मला नवल वाटलं.

५ ऑक्टोबर

ऑर्डरी घेणं बंद केलंय. डाळीत खडे राहतात.

आज चौथ्या ब्लॉकातल्या बाकावर जाऊन बसले. समोर शेवगा, खिडकी बंद. तिथून ती खिडकी किती स्पष्ट दिसते! माणूस आत बसलं असेल तर त्याच्या हातातली पोळीसुद्धा दिसेल. म्हणजे त्या दिवशी... नाही, त्या दिवशी अण्णा घरीच होते. मी त्यांना डाळ निवडायला बसवून गेले होते. कुठे जाते ते त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, भाजीला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज.

दुपारी पुरुषोत्तम आला, आईच्या वर्षश्राद्धापर्यंत गोडधोड करणार नाही म्हणून तिच्या आजारपणाआधी देऊन ठेवलेली पोळ्यांची ऑर्डर रद्द करायला. जाता जाता म्हणाला, "अक्का, आई शेवटचे दोन दिवस सारखं 'तात्याला सांगा मी चुकले' म्हणत होती. हे तात्या कोण? तुम्ही येऊन गेलात तेव्हा तुमच्याजवळ काही बोलली का?"

म्हणजे तिला कळलं होतं. अटीचं ठाऊक नसूनही, बोलून गेल्यावर तिला कळलं होतं की चुकलं. आणि मी घरी उड्या मारत आले होते.

जितेंद्र समोरच पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली केला. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडात सगळं येऊन उभं राहिलं होतं, अगदी दातांपर्यंत. एकदा कुणापाशी तरी रडता आलं असतं. किती हलकं वाटलं असतं!

"छे," मी म्हटलं. "काही नाही बोलल्या. जायफळ कमी घाल म्हणाल्या फक्त. वय झालं की माणसांना भास होतात."

तो गेल्यावर कपाटाच्या तळातून साडी काढली. नेसले. गाठ सोडली. गुळाचा खडा आणि सुपारी, नेहमीसारखंच. दुसरं काही असेल असं उगीच वाटलं होतं. खडा तोंडात टाकला आणि मग कळलं, इतकी वर्षं दर दिवाळीला मिळालेली गाठ मी पदराला मिरवत फिरत होते, आणि ही मात्र बांधूनच ठेवायची होती. अंबुजाक्कांसारखी. चिडून नाही दिली त्यांनी ती. त्या दिवशी पलंगावर बसून त्यांनी मला 'काय सांगितलंस?' असं विचारलं होतं. मी सांगितलं नव्हतं काही. विचारलं होतं फक्त. म्हणजे माझा शब्द अजून मोडलेला नव्हता.

नवीन खडा घेतला, सुपारी तीच, आणि गाठ घट्ट बांधली.

संध्याकाळी गच्चीवर गेले. ओवाळायला भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. नंदकिशोर बोलायचा बंद झाल्यापासून दर वर्षी ओवाळते, आणि दर वर्षी अण्णा शेजारी तबक धरून उभे असायचे. मी औक्ष मागितलं की मान वळवून पलीकडच्या घरांकडे बघायचे. आज तबक मीच धरलं, मीच ओवाळलं. भावाला औक्ष मागितलं, मेल्याला सुखी ठेव म्हटलं. अण्णांसाठी मागायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

त्यांनी मला फसवलं. ते मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. त्यांच्याशी बोलायचंय मला, भांडायचंय, आणि ते आता येणार नाहीत. आले तरी समोरच्या कुठल्यातरी बाकावर बसतील, आणि मी ओळख दाखवायची नाही.

पण मी बोलणार नाही. एका अक्षरानं नाही. फक्त एक आहे, अण्णा. मी एक्कावन्नची आहे, आणि आमच्याकडच्या बायका चिवट असतात. माझी आजी अठ्ठ्याण्णवला गेली. बसा वाट बघत.